नेहमीची गोळी सुटत नाही, तेव्हा: औषधांचं व्यसन आणि पुण्यातली मदत

औषधांच्या दुकानात संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चिठ्ठी घरी राहिली हो, पण नेहमीचीच गोळी आहे, एक स्ट्रिप द्या." ही नेहमीची गोळी बऱ्याचदा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम नाहीतर झोल्पिडेम असते. मागणारे निवृत्त बँक अधिकारी असतात, हिंजवडीत रात्रपाळी करणारी मुलं असतात, नवऱ्याच्या आजारपणात झोप उडालेल्या काकू असतात. यांतल्या कुणालाही व्यसनी म्हटलं तर राग येईल, आणि तो अगदीच चुकीचा असेल असंही नाही.

मी फार्मासिस्ट आहे, कोथरूडमध्ये काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाची गोळी किती कमी करायची ते मी सांगणार नाही. पण पुढचं काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा: यांपैकी एखादी गोळी महिनोन्‌महिने रोज घेत असाल, तर "उद्यापासून बंद" असा निश्चय करू नका. दारू किंवा सिगारेटच्या बाबतीत आपल्याकडे अशा निश्चयाचं कौतुक होतं. (दारूच्या बाबतीतही रोज भरपूर पिणाऱ्याने असं एकट्याने करणं धोक्याचंच आहे.) झोपेच्या गोळीच्या बाबतीत हा निश्चय थेट हॉस्पिटलात पोहोचवू शकतो. का, ते पुढे येईलच.

कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय

साधारण तीन कुळं आहेत. पहिलं झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्यांचं: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम. यांना एकत्रितपणे बेंझोडायझेपिन म्हणतात. झोल्पिडेम रसायन म्हणून वेगळं, पण काम त्याच जागी करतं. मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलामच. तिथे ती गुन्हेगारीच्या बातमीत येते आणि सदाशिव पेठेत देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात असते, एवढाच काय तो फरक.

दुसरं कूळ अफूशी नातं सांगणाऱ्या वेदनाशामकांचं: ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनची इंजेक्शनं, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. कंबरेच्या दुखण्यासाठी, ऑपरेशननंतर, अपघातानंतर ती सुरू होतात. दिवसाला चौदा तास गाडी चालवणारे, ओझी वाहणारे लोक ती थकवा जावा म्हणून घेतात. ट्रामाडॉलला बरीच वर्षं आपल्याकडे साधं पेनकिलर समजलं जायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं.

तिसरं कूळ उत्तेजकांचं. अभ्यासासाठी जागरण करायला घेतलेल्या गोळ्या यात येतात, आणि गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या जिमच्या मुलांमध्ये शिरलेलं मेफेंटरमिनचं इंजेक्शनही येतं. ऑपरेशनच्या टेबलावर घसरलेलं बीपी वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ जे औषध वापरतात, ते व्यायामाआधी स्वतःच टोचून घ्यायचं म्हणजे हृदयाशी जुगार आहे. या कुळाबद्दल इथे एवढंच. ते वेगळ्या लेखाचं काम आहे.

प्रश्न किती मोठा आहे? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटात सुमारे १.१८ कोटी लोक झोपेची, गुंगीची औषधं वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते. हे प्रमाण १.०८ टक्के होतं, म्हणजे साधारण शंभरात एक. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली गोळी दहा वर्षं तशीच चालू ठेवणारे अनेक लोक स्वतःला या गटात धरणारच नाहीत.

डोक्यात नेमकं काय होतं

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. मेंदूच्या पेशींची धावपळ ते आवरतं, म्हणजे गाडीच्या ब्रेकसारखं. बेंझोडायझेपिन या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवतं. पहिले काही दिवस छान वाटतं. छातीतली धडधड थांबते, डोळा लागतो. पण मेंदू हुशार आहे. बाहेरून रोज ब्रेक दाबला जातोय हे लक्षात आलं की तो स्वतःचा पाय सैल सोडतो आणि ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबून ठेवतो. मग पूर्वीच्या अर्ध्या गोळीने झोप येत नाही, एक लागते. काही महिन्यांनी एकही पुरत नाही.

आता कुणीतरी रागावून सगळ्या स्ट्रिप कचऱ्यात टाकल्या, तर बाहेरचा ब्रेक एका रात्रीत जातो. ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. घाम, थरथर, छातीत धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणं, सलग दोन-तीन रात्री झोप नाही, आणि काही जणांना चक्क फिट. अल्प्राझोलामसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. डायझेपाम रेंगाळतं. तिथे सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना आठवड्याने त्रास उफाळू शकतो. घरचे म्हणतात, "बघा, गोळी बंद केली तर किती आजारी पडले, म्हणजे गोळीची गरजच आहे." खरं तर तो मूळ आजार नसतोच. गोळी काढण्याच्या पद्धतीमुळे झालेला तो त्रास असतो. हा गोंधळ मी इतक्या घरांत ऐकलाय, की मला वाटतं निम्मे लोक याच एका गैरसमजापायी वर्षानुवर्षं अडकून राहतात.

ट्रामाडॉलचं जरा निराळं आहे. ते एकदम बंद केलं की अंगदुखी, नाक-डोळ्यांतून पाणी, जुलाब, पायांत वळवळ आणि जीव नकोसा करणारी बेचैनी होते. आणि जास्त डोस घेतला तर फिट येऊ शकते, म्हणजे इथे धोका दोन्ही टोकांना आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे सरमिसळ. झोपेची गोळी आणि दारू, झोपेची गोळी आणि ट्रामाडॉल. दोन्ही औषधं श्वास मंदावतात, आणि एकत्र आली की झोपेतच श्वास थांबू शकतो. असा माणूस हलवूनही उठत नसेल, घोरण्याचा विचित्र घरघरता आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि रिकाम्या स्ट्रिप सोबत घ्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका.

गोळीशिवाय चालत नाही, म्हणजे व्यसन?

प्रत्येक वेळी नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन घेणाऱ्या पेशंटचं शरीर त्याला सरावतं, एकदम थांबवलं तर त्रास होतो. तरी त्याला व्यसनी म्हणणं अन्याय आहे. शरीर सरावणं ही औषधाची करणी. व्यसन म्हणायचं तेव्हा, जेव्हा वागणं बदलतं. ठरवलेल्यापेक्षा जास्त गोळ्या जातात. एका डॉक्टरची चिठ्ठी तीन दुकानांत फिरते. स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधीपासून जीव वर-खाली होतो. गाडी चालवताना डुलकी लागली, बाथरूममध्ये पडणं झालं, ऑफिसात बोलणी बसली, तरी गोळी थांबत नाही. आणि लपवालपवी सुरू होते: चष्म्याच्या केसमध्ये गोळ्या, मोज्यात गोळ्या.

दोन्हींमध्ये उपाय वेगळा असतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा. पहिल्या प्रकारातल्या पुष्कळ लोकांना व्यसनमुक्ती केंद्राची गरजच नसते. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी आणि सहा महिन्यांचा धीर पुरतो. दुसऱ्या प्रकारात आणखी बरंच काही लागतं.

वयस्कर मंडळींबद्दल एक वेगळी नोंद. सत्तरीनंतर हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं. आदल्या रात्रीची गुंगी सकाळीही असते. विसराळूपणा वाढतो, तोल जातो, पडून खुबा मोडतो. "बाबांना विसरायला होतंय" म्हणून मेंदूचे स्कॅन काढण्याआधी बाबांच्या गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर ठेवा. सगळा डबा, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं आणि शेजारच्यांनी सुचवलेलं धरून.

गोळी उतरवायची कशी

सावकाश, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. किती सावकाश, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेतल्या व्यसनोपचारतज्ज्ञांच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत बेंझोडायझेपिन दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी कमी करण्यापासून सुरुवात करावी असं म्हटलंय. म्हणजे जुनी सवय असेल तर काम महिन्यांचं आहे, कधी वर्षभराचंही. काही डॉक्टर शरीरातून लवकर निघून जाणारी गोळी बदलून त्याऐवजी डायझेपामसारखी रेंगाळणारी देतात आणि मग ती उतरवत नेतात. प्रत्येक पायरीवर दोन-चार रात्री झोपेची खोटी होते. ते अपेक्षितच असतं. त्रास फार वाढला तर त्या पायरीवर जास्त दिवस थांबायचं. पुन्हा वर चढायचं की नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

या काळात झोपेसाठी समुपदेशनाची एक ठरलेली पद्धत आहे. त्यात झोपेची वही ठेवतात, अंथरुणात जागं पडून राहण्याचा वेळ कमी करतात, उठण्याची वेळ एकच ठेवतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी असं आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे ती कमी सुचवली जाते, कारण गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि ही समजावायला अर्धा तास.

ट्रामाडॉल आणि त्याच्या भावंडांसाठी ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध आहे. ते तलफ आणि अंगदुखी थोपवून धरतं, म्हणजे माणूस कामावर जाऊ शकतो. "एक व्यसन सोडवायला दुसरं लावतात" असा त्यावर आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. मोजून, नजरेखाली दिलेलं औषध आणि स्टेशनबाहेर मिळवलेली स्ट्रिप यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पुण्यात जायचं कुठे

सुरुवात घरच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. जाताना एक कागद न्या. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती, किती वर्षं, सोबत दारू आहे का, पूर्वी कधी बंद करायचा प्रयत्न केला आणि काय झालं, आधी फिट आली होती का. आकडा खरा लिहा. दोनाच्या जागी सहा गोळ्या घेत असाल तर सहाच लिहा. उतरवण्याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर बसतो, आणि लाजेपायी कमी सांगितलेला आकडा म्हणजे नकळत एकदम केलेली कपात.

खर्चाचा प्रश्न असेल तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याच्या नावाने लोक दचकतात, पण तिथेही ओपीडीत दाखवून घरी परतता येतं.

घरातून निघायचीच हिंमत होत नसेल तर आधी फोन करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास चालणारी, आणि तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत आहेत.

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगणचं नाव येणारच. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने, मनोरुग्णालयाच्याच आवारात. अनिल अवचटांचं वर्तमानपत्रातलं गर्दवरचं लेखन वाचून पुलंनी स्वतःहून मदत देऊ केली होती. तेव्हा शत्रू गर्द होता, म्हणजे ब्राउन शुगर. आज तिथे दारूपासून गोळ्यांपर्यंत सगळ्यासाठी लोक येतात. निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, आणि झोपेच्या गोळ्यांच्या संदर्भात मला तो फार मोलाचा वाटतो. घरातल्या बाईची गोळी कुणाला दिसत नाही, आणि दिसली तरी "महिनाभर केंद्रात राहिली तर घर कोण बघणार" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो.

याशिवाय नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगा पुण्यात होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. तिथे डॉक्टर नसतो, त्यामुळे गोळी उतरवण्याच्या काळात ती जोड समजा, औषधोपचाराला पर्याय नको.

केंद्र निवडताना

शहराच्या कडेला, हायवेलगत बंगला भाड्याने घेऊन उघडलेली केंद्रंही आहेत. काही चांगली, काही भयंकर. जाहिरातीवरून कळत नाही. प्रत्यक्ष जा, आणि हे विचारा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि अंमली पदार्थांच्या, दारूच्या सेवनाशी निगडित मानसिक त्रास त्यात स्पष्टपणे येतो. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात कोणत्या वारी येतात? "कॉलवर असतात" हे उत्तर गोळ्यांच्या पेशंटसाठी पुरेसं नाही, कारण पहिल्या दोन आठवड्यांत फिटचा धोका असतो. रात्री दोनला फिट आली तर कोणत्या हॉस्पिटलात नेता, कसं नेता? इथे संचालक अडखळले तर चहा न पिता निघा. आमच्या पेशंटची गोळी किती दिवसांत उतरवाल? "इथे आल्यावर पहिल्या दिवशीच सगळं बंद" असं अभिमानाने सांगणारं केंद्र झोपेच्या गोळीच्या पेशंटसाठी धोक्याचं आहे. दारूवाल्यांना लावलेला एकच नियम ते सगळ्यांना लावताहेत.

आणि कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. साखळीने बांधता येत नाही. एकांतकोठडीत डांबता येत नाही. जबरदस्तीने मुंडण करता येत नाही. काम करायला भाग पाडता येत नाही. पेशंटला फोन आणि भेटीगाठींचा हक्क आहे. "पहिला महिना भेटायचं नाही, बोलायचं नाही" असं सांगितलं तर कारण लेखी मागा. घरी गाडी पाठवून चार पोरांकरवी माणूस उचलून न्यायची 'सेवा' देणाऱ्यांपासून तर लांबच राहा. तसा उचलून नेलेला माणूस केंद्रातून बाहेर पडल्यावर डॉक्टरांवरही विश्वास ठेवत नाही, आणि घरच्यांवर तर त्याहून नाही.

पोलिसांची भीती अनेकांना अडवते. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला पुढे आला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. विक्री करणाऱ्याला अर्थातच नाही. पैशांचं म्हणाल तर आरोग्य विम्याची पॉलिसी आधी नीट वाचा. व्यसनाच्या उपचारांचा खर्च वगळण्याचं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं.

घरच्यांसाठी, आणि थोडं दुकानदाराच्या बाजूने

यांतल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, झोल्पिडेम या गोळ्या शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या यादीत येतात. मार्च २०१४ पासून हा नियम आहे. विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची, पेशंटचं, डॉक्टरांचं नाव लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी मागणारा दुकानदार तुम्हाला खडूस वाटतो ना? तो तुमच्या बाजूचा आहे. न विचारता स्ट्रिप हातात ठेवणारा नाही.

घरात कुणी गोळी उतरवत असेल तर गोळ्या मोजून शिव्या घालू नका, पण सगळा साठा त्याच्याच उशाशीही ठेवू नका. डॉक्टरांना सांगा, चिठ्ठी महिन्याऐवजी आठवड्याची द्या. सात दिवसांच्या गोळ्या घरातल्या एका माणसाकडे, रोजची रोज द्यायची. स्ट्रिप कापून मोजक्याच गोळ्या द्यायला आम्ही एरवी कुरकुर करतो, पण चिठ्ठीवर डॉक्टरांनी "आठवड्याच्याच द्याव्यात" असं लिहिलेलं असलं की कुठलाही शहाणा दुकानदार हुज्जत घालत नाही. आणि कपाटात, पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डात सापडलेल्या जुन्या स्ट्रिप शेजारच्या आजींना "झोप येत नाही म्हणता ना, घ्या" म्हणून देऊ नका. पुढच्या भेटीला त्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे त्यांनाही कळेल घरात नक्की किती होत्या.